उपयोगाचा रकाना

माझा लेक मोठा साहेब झाला, तशी त्याची उत्तर द्यायची सवय गेली. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलाय. काही विचारलं की माशी हाकलावी तसा हात हलवतो. आज मी कागदांवरच ताट ठेवलं, तेव्हा तोंड उघडलं.

"आई, आमच्या जुन्या सरांच्या केंद्राची तपासणी माझ्याकडे आलीय. वीज कडाडली की रेडिओवर शिट्टीसारखे आवाज येतात ना, ते सर तीस वर्षं सरकारी खर्चानं टिपून ठेवतायत. त्याचा विज्ञानाला उपयोग किती झाला, ते मी ठरवायचंय."

"मग काय ठरवलंस?"

"शून्य. त्या नोंदी वापरल्याचं एकाही संशोधकानं कुठं लिहिलेलं नाही. आता केंद्र बंद होईल."

याच मुलानं सरांकडून त्या आवाजांच्या टेपा खोके भरभरून घरी आणल्या होत्या. त्या ऐकून ऐकूनच त्यानं प्रबंध लिहिला नि नावामागं डॉक्टर लावलं. दोन वर्षं त्या खोक्यांवरची धूळ मी पुसली.

"आणि तुझ्या त्या जाडजूड प्रबंधात?" मी विचारलं. "त्यात तरी सरांचं नाव आहे ना?"

तो मान खाली घालून म्हणाला, "घालायचं राहून गेलं, आई. तेव्हा कुणी विचारलंही नाही."

मी कागदांवरचं ताट उचललं. मग म्हटलं, "तुझ्यापेक्षा चोर बरा रे. ज्याचं घर फोडलं, त्याच्याच दारात तो पंच होऊन बसत नाही."