खडूची कड

"डॉक्टरांनी विचारलं तर सांगायचं, जिन्यावरून पडले." बाबांचा तो आवाज सुखदाच्या कानातून कधी गेलाच नाही.

आता ती स्वतःच हाडांची डॉक्टर होती. रविवारी मल्लेश्वरमच्या एका शाळेत मुलं नि आईबाप जमवून हाडांचे खेळ करायची. तिने एक खडू वाकवून मोडला. कट्! कड सरळ. दुसरा पिळून मोडला. कड वेलीसारखी गोल फिरलेली.

"हाडाच्या पोटात काही राहत नाही, राजांनो. पडलं की पिरगळलं, ते सांगून टाकतं."

पहिल्या रांगेत बाबा नातीला घेऊन बसले होते. "आई, मला पण खडू!" म्हणत ईरा उठली.

"गप बस म्हटलं ना!" बाबांनी तिचं मनगट धरून पिळलं. ईरा किंचाळली.

सुखदा धावली, मनगट सोडवलं, लेकीला कडेवर घेतलं. मग या खेळातून ती दरवेळी गाळायची, तो जुना एक्स-रे तिने पडद्यावर लावला. हाडावरची रेघ गोल फिरत गेलेली.

"पडलं की पिरगळलं?"

"पिरगळलं!" पोरं ओरडली. "कुणाचा हात आहे, अक्का?"

"माझा. आठ वर्षांची होते." ती पहिल्या रांगेकडे वळली. "मी पडले नव्हते, बाबा."