चौदा नंबर

"हे सॉफ्टवेअर घेतलं की कॉम्प्युटरच्या तक्रारी आपोआप नोंदल्या जातील. माणूस लागायचाच नाही," विक्रेता म्हणाला. ताई मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या. अकरा वर्षं साऱ्या ऑफिसचं रडगाणं चौदा नंबरच्या फोनवर त्यांच्याच कानी पडत आलं होतं.

"ताई, मनाला लावून घेऊ नका," म्हणत साहेबांनी मंजुरीचं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. साहेबांचा एकदा चुकला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तसा कॉम्प्युटर लॉक झाला.

साहेबांनी घाम पुसला आणि सवयीनं फोन उचलून चौदा नंबर फिरवला.



पलीकडच्या रिकाम्या खोलीत फोन खणखणला, तशा समोर बसलेल्या ताई हळूच म्हणाल्या, "बोला साहेब, इथंच आहे मी."