पेवाचं दार

रझाकारांच्या भीतीनं सगळा गाव जमिनीखालच्या धान्याच्या पेवात लपला होता. वरची शिळा हटवून त्याला बाहेर काढलं ते आता बुद्धवाडा म्हणतात तिथल्या निवृत्तीनं. आता समाधान आणि त्याचा भागीदार परमेश्वर यांनी केजच्या एका गाळ्यात खेळासाठी तसंच पेव उभारलं होतं. आत कोंडून घ्यायचं, कोडी सोडवत बाहेर पडायचं. पहिल्या खेळाला समाधान आपल्या आजीला, निवृत्तीच्या लेकीला घेऊन आत गेला.

शेवटचा प्रश्न पडद्यावर आला. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं मोठ्यानं वाचला, "शिळा हटवून गाव कुणी वाचवला?"

"माज्या बापानं! टाक की नाव."

प्रश्न समाधाननंच लिहिलेला. त्यानं 'निवृत्ती' टाकलं. लाल दिवा लागला. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. मग पडद्यावर बाहेरून परमेश्वरची सूचना उमटली, 'उत्तर बदललंय. गाळा पाटलाचा हाय बे. त्याच्या आज्याचं नाव टाक.'

"काय म्हणतंय ते?"

"काई न्हाई आजी, लायटीचा घोळ हाय."

"लवकर कर बाबा, जीव घाबरायलाय."

समाधाननं कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि रझाकारांच्या वेळी पेवाच्या तळाशी लपून बसलेल्या त्या आज्याचं नाव टाकलं. दार उघडलं. बाहेर जमलेल्यांच्या टाळ्या पडल्या.

आजीनं डोळे पुसत परमेश्वरच्या डोक्यावर हात ठेवला. "माज्या बापाच्या नावानं दार उघडलं रे लेकरा. आता मी मरायला मोकळी."

परमेश्वर तिच्या पाया पडला आणि फोटो निघेपर्यंत वाकलेलाच राहिला.