बटणांचा शर्ट

अप्पा बटणांचा शर्ट घालून बाहेर आले आणि मंजिरी हातातला चहा खाली ठेवून बघतच राहिली.

कित्येक वर्षांत गावात कुणी बटण लावलं नव्हतं. जीवघेण्या जंतूंवरची एक गोळी रोज घ्यायची आणि जगायचं, त्याबदल्यात नखांभोवतीची सूज सोसायची, हे सगळ्यांनीच पत्करलं होतं. बोटं इतकी ठणकायची की कपड्यांना चिकटपट्ट्या आल्या होत्या.

“बघतेस काय? लिंबू!” अप्पा खुशीत म्हणाले. “नखुरडं झालं की आमची आई बोटाला लिंबाची टोपी घालायची. मी दहाही बोटांना घातली. तुम्ही बसा प्रयोगशाळेत उंदरांना गोळ्या चारत!”

मंजिरीने त्यांचं बोट धरून नखाची कड जोरात दाबली. अप्पांनी हूं की चूं केलं नाही. ही सूज लिंबाने उतरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शरीर गोळीला सरावून ती लागू पडेनाशी झाली तरच सूज उतरते, आणि मग साध्या खरचटण्यानेही माणूस हातचा जातो.

“गोळी चुकवली नाहीत ना, अप्पा?”

“छे! तुझ्यासमोरच घेतो की रोज.”

तेवढ्यात तिची सहा वर्षांची रेवा आतून धावत आली. अंगात मंजिरीच्या लहानपणीचा फ्रॉक होता, पुढून गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

“हिलाही लिंबू लावलंत?” मंजिरीने विचारलं.

“कुठलं! झोंबेल म्हणून पळून गेली.”

“आई, बघ ना,” रेवा म्हणाली, “सगळी बटणं मी एकटीने लावली.”