नातेवाइकाचं नाव

या, जरा सरकून बसा, एक गोष्ट सांगतो. इस्पितळाच्या संगणक विभागात खिडकीवरल्या कारकुनाचा फोन आला, "आजींना दाखल करायचंय, पण नातेवाइकाच्या नावाशिवाय नोंदच होत नाही. त्यांना कुणीच नाही."

धाकटी प्रोग्रामर विभागप्रमुख ताईंना म्हणाली, "ताई, कोडमधून ती अट उडवते."

"अगं, कोड स्कीमावरून, म्हणजे नोंदीच्या मूळ आराखड्यावरून, आपोआप बनतो. स्कीमात नाव सक्तीचं आहे तोवर नव्यानं बनलेला कोड ते पुन्हा मागणारच. स्कीमाच बदलायला हवा. तसा अर्ज टाक."

"मंजुरीला आठवडा जाईल. तोवर आजींनी बाकावर बसायचं?"

ताईंनी फोन ओढला. "माझं नाव घाला. नातं, मुलगी."

"ताई, हे खोटंच की."

ताई आपला डबा उचलून आजींच्या खाटेशी बसायला निघाल्या. देवापुढे उभे राहाल, तेव्हा या लेकीची आठवण असू द्या.