आकूची कोळंबी

आकूने कोळंबी हुंगली, जरा विचार केल्यासारखं केलं आणि मान आत ओढून घेतली.

"आजही नाही?" सासूबाईंचा चेहरा पडला. कंदाच्या पिठाची ती कोळंबी त्यांनी सकाळपासून खपून केली होती. वर लाल पट्टे, शेपटीला बाक, सगळं हुबेहूब. तैवानमधल्या ताइनान शहरातल्या त्यांच्या गल्लीत भले भले त्या कोळंबीला फसले होते. कासव काही फसलं नाही.

"आई, तो मांसाहारी आहे," युनशान म्हणाली. "गोगलगाय, किडे, कोळंबी. पालक आणि टोफूवर तो जगायचा नाही."

"या घरात राहिलं की होते सवय."

युनशानने ती कोळंबी पाण्यातून काढून घेतली. माहेराहून ती दोन सुटकेस आणि हे मुठीएवढं कस्तुरी कासव घेऊन आली होती. शाळेपासून तो तिच्याजवळ होता. लग्न होऊन इथे आल्यापासून त्याने तोंडात काही घेतलं नव्हतं आणि आता त्याची मान सुरकुतायला लागली होती. उद्या तिची मैत्रीण येऊन त्याला घेऊन जाणार होती. निदान तिथे तो जेवला असता. हे ठरवल्यापासून युनशानलाही घास गोड लागत नव्हता.

सासूबाईंनी कौतुकात काही कमी केलं नव्हतं. आल्या दिवशीच त्यांनी सोयाबीन भिजवायचं आपलं चिनी मातीचं घंगाळ काठोकाठ भरून आकूला त्यात सोडलं होतं. पण हे कासव पोहण्यात कच्चं, तळावरून चालणारं. नाक वर काढायला त्याला चढण लागते. युनशानने धावत जाऊन त्याला उचललं, तेव्हा घाबरून त्याने असा काही वास सोडला की सासूबाई अंगणात पळाल्या. "याला कस्तुरी म्हणतात?" त्या तिथूनच म्हणाल्या.

मग दोघींनी मिळून काचेची टाकी लावली. बेताचं पाणी, चढायला समुद्रकाठचा ओंडका, अंग शेकायला दिवा, लपायला आडवी ठेवलेली फुटकी कुंडी. आकूला खरचटू नये म्हणून कुंडीची कड सासूबाईंनी स्वतः दगडावर घासून दिली. घर झकास झालं. गाडं अडलं ते जेवणापाशी. मुलगा लहानपणी मोठ्या तापातून वाचला, तेव्हापासून नवसापोटी सासूबाईंनी घरात मांसमच्छी येऊ दिली नव्हती. तो मुलगा, म्हणजे युनशानचा नवरा, आई आणि बायकोच्या मध्ये पडायला नको म्हणून आज लवकरच कामावर सटकला होता.

सासूबाईंनी टाकीत वाकून आकूच्या मानेकडे पाहिलं.

"मी एकटीने कसं ठरवू?" त्या म्हणाल्या. "घर त्यांचंही आहे."

त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या. तिथे पूर्वजांच्या नावांच्या पाटीशेजारी सासऱ्यांचा फोटो होता आणि पुढ्यात नैवेद्याची बशी. बशीतही तीच पिठाची कोळंबी. सासूबाईंनी उदबत्ती लावली आणि चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे हातात घेतले. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे पडले तर नाही. दोन्ही उताणे पडले तर समजायचं, वरचे आपल्याला हसताहेत.

"अहो, या कासवाला आपल्या जेवणाची सवय होईल ना?"

दोन्ही उताणे पडले.

"महिन्याभरात तरी?"

पुन्हा उताणे. युनशानने ओठ घट्ट मिटून घेतले.

"हसू नका. मी गंभीरपणे विचारतेय." सासूबाईंनी ठोकळे पुसले. "बरं, मग कोळंबी आणू का? खरी. कासवासाठी."

एक उताणा, एक पालथा. खात्रीसाठी लागोपाठ तीनदा तसंच पडावं लागतं. पडलं.

सासूबाईंनी फोटोकडे संशयाने पाहिलं. "तुमच्या लग्नाला हो म्हणायला पंधरवडा लावला होता यांनी."

युनशान चपला अडकवून बाजारात पळाली आणि ताजी कोळंबी घेऊन आली. सोलायची अंगणात, सुरी वेगळी, पाटी वेगळी, असा हुकूम सुटला. पहिली कोळंबी पाण्यात पडली तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून तिच्या सद्गतीसाठी बुद्धाचं नाव घेत होत्या.

कुंडीतून टोकदार नाक बाहेर आलं. मग मान, पुरती लांब. आणि झडप.

"खाल्ली?" भिंतीकडूनच प्रश्न आला.

"खाल्ली, आई."

"आणखी घाल."

दुसरीच्या वेळी सासूबाईंचं नामस्मरण अर्ध्यावर राहिलं आणि त्या वळून टाकीला नाक लावून बसल्या. "अगं, पुढच्या दोन्ही पायांनी फाडून खातोय बघ! बकासुर मेला," त्या म्हणाल्या आणि पोटभर हसल्या. युनशानच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओल्या हातानेच मैत्रिणीला फोन लावला आणि उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलं.

पाटीत बरीच कोळंबी उरली होती. सासूबाईंनी एकदा त्या पाटीकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या फोटोकडे.

"रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जायचे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर कोळंबीचे तळलेले रोल मिळतात ना, तिथवरच. येताना तोंडात पुदिन्याची गोळी. यांना वाटायचं, मला कळत नाही."

त्या उठल्या, देव्हाऱ्यातली बशी काढली आणि युनशानच्या हातात दिली.

"उरलेली तळशील? मीठ जरा सढळ घाल. अळणी त्यांना कधीच आवडलं नाही."

युनशानने ठोकळ्यांकडे पाहिलं. "आई, त्यांना विचारायचं नाही?"

"नको," सासूबाई म्हणाल्या. "हसत बसतील."