अथेन्सचं घुबड

देवाची भांडी घासताना हंसाने माझं चोवीसशे वर्षांपूर्वीचं अथेन्सचं चांदीचं नाणंही रांगोळीने घासलं.

"अगं, काय केलंस हे! त्याचं जुनेपणच धुऊन टाकलंस!"

"काळं पडलं होतं, म्हणून घासलं," ती म्हणाली. "पण अहो, यावरचं घुबड झोपलंय का?"

मी भिंग लावलं. ऑलिव्हच्या डहाळीशेजारी बसलेलं, कालपर्यंत टक्क डोळ्यांनी बघणारं घुबड डोळे मिटून बसलं होतं. घासून डोळे पुसले जातील, पण पापण्या कुठून येतील?

"दिवसा झोपणारच ना ते," हंसा हळूच म्हणाली.

तिन्हीसांजेला तिने देवापाशी दिवा लावला. मी नाणं त्या उजेडात ठेवलं आणि आम्ही दोघांनीही नकळत हात जोडले.

चांदीवर फक्त डहाळी होती. ती अजून हलत होती.